जप्तीच्या अंगणातली हळद

घराला बाहेरून कुलूप लागलं, की सगळ्यात आधी त्याचा वास बदलतो. माणसं गेली, चूल विझली, की थोड्याच दिवसांत भिंती कोंदट वास मारायला लागतात. मोरीतलं पाणी आटतं आणि त्या वाटेनं झुरळं वर येतात. नळ गंजतात, दार फुगतं, गच्चीवर पिंपळाचं रोप उगवतं. हे मला कोणी शिकवलं नाही. शाळेत मी तिसरीपर्यंत गेलो, ते पण पुरतं नाही. बापाची मेंढरं होती, त्यांच्या मागं गेलो. पण बंद घर कसं सांभाळायचं हे आख्ख्या हिंगोली जिल्ह्यात माझ्यापेक्षा जास्त कोणाला कळत असेल, तर त्यानं माझ्यासमोर येऊन बोलावं. मी कुरुंद्यातच असतो.

लोक मला वॉचमन म्हणायचे. मला तो शब्द कधी पटला नाही. वॉचमन खुर्चीवर बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम ठोकतो. मी राखण करायचो. मेंढरांची केली, दुसऱ्याच्या रानाची केली, आणि म्हातारपणी बँकेनं जप्त केलेल्या घरांची केली. राखण ती राखणच.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बँक घरासाठी कर्ज देते. साध्या माणसाला कर्ज द्यायला बँक भिते, म्हणून सरकार मधी पडतं आणि म्हणतं, दे तू, बुडालंच तर थोडा भार मी उचलतो. आता हप्ते थकले, नोटिसा झाल्या, तरी काही झालं नाही, की बँक घर ताब्यात घेते आणि पुढं लिलाव करते. पण ताबा आणि लिलाव यांच्या मधी कधी चार महिने जातात, कधी वरीस. तेवढ्या काळात घर खराब झालं तर सरकार बँकेला विचारणार, हमी आमची आणि हेळसांड तुमची, असं काहून? म्हणून नियम. बँकेनं ते काम एका एजन्सीला दिलेलं आणि एजन्सीनं मला.

नियम लई होते, पण सगळ्यांचं सार एकच. घर जसं ताब्यात आलं तसं पुढच्याच्या हातात गेलं पाहिजे. कुलूप बदलायचं. टाकी रिकामी करून झाकायची. पावसाळ्याआधी गच्चीची पन्हाळी साफ करायची. गवत वाढू द्यायचं नाही. वाळलेलं काही ठेवायचं नाही, आगीचं भेव. मूळ मालकाचं राहिलेलं सामान एका खोलीत ठेवायचं आणि बोलावून परत द्यायचं. आत कोणाला घ्यायचं नाही, आणि आपण पण आत झोपायचं नाही. आठवड्याला मोबाईलवर फोटो काढून बँकेच्या साहेबाला पाठवायचा. फोटो काढायला माझ्या सुनेनं शिकवलं. पहिले काही फोटो माझ्या अंगठ्याचेच गेले.

तऱ्हेतऱ्हेची घरं बघितली. हिंगोलीत एक गडी घर सोडताना दारं, खिडक्या, चौकटी, वायरी सगळं काढून घेऊन गेला. ताबा घ्यायला गेलो तर भिंतींना नुसती भोकं. साहेब डोक्याला हात लावून बसले. मी म्हटलं, "साहेब, राखायला कमी काम लागंल." ते हसले नाहीत.

कनेरगाव नाक्यावर एक ढाबेवाल्याचं घर होतं. माणसं गेली, कुत्रं राहिलं. नियमात कुत्र्याचं काही लिहिलेलं नव्हतं. मी रोज अर्धी भाकर टाकायचो आणि ते माझ्यासंगं गेटावर बसायचं, माझ्यापेक्षा जास्त इमानानं. घर विकलं. नव्या मालकाला कुत्रं नको होतं. मी त्याला सोबत न्यायला बघितलं, दोरी लावून बसस्टँडपर्यंत आणलं. तिथं त्यानं असं डोळ्यात बघितलं की मीच दोरी सोडली. ते माघारी त्याच गेटाकडं पळत गेलं. त्याचं पुढं काय झालं, मी विचारायला गेलो नाही. ते मनात राहिलं आहे.

पण सांगायची गोष्ट वसमतची आहे.

वसमतला एका गल्लीत तीन खोल्यांचं सिमेंटचं घर होतं. पुढं पडवी, बाजूला भिंतीकडंनं मोकळी जागा. कमलबाई नावाची बाई तिथं राहायची. कॉलेजच्या पोरांना डबे करून द्यायची. नवरा ट्रकवर होता. अपघातात पाय गेला आणि घरी बसला. एकट्या डब्यांवर घर आणि हप्ते दोन्ही चालेनात. पोळ्याच्या सुमाराला बँकेनं ताबा घेतला. बाईनं कोणाला शिव्या दिल्या नाहीत, रडली पण नाही. भांडीकुंडी हातगाड्यावर टाकली, नवऱ्याला रिक्षात बसवलं आणि दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या खोलीत गेली. जाताना मला म्हणाली, "मामा, गेटाची कडी वर उचलून लावा, न्हाई तर वाऱ्यानं आपटती."

त्या दिवसापासून ती रोज दुपारी डबे पोचवून परत जाताना गेटासमोर थांबायची. काही बोलायची नाही. गजांतून भिंतीकडं बघायची आणि जायची. मला वाटलं, घराचा जीव लागला असेल. असतो तो.

त्या साली पाऊस चांगला झाला. बाजूच्या जागेत कमरेएवढं गवत माजलं. गवत काढायला एजन्सी माणूस द्यायची, तो काही येईना. मी म्हातारा, वाकून गवत कापायचं म्हटलं की कंबर बोलते. आणि मी धनगर. गवत बघितलं की मला विळा आठवत नाही. माझा मेव्हणा वसमतलाच राहतो. त्याच्या दोन शेळ्या आणल्या आणि गेट लावून आत सोडल्या. मी सावलीला बसलो. असं आरामात काम बँकेच्या दुसऱ्या कोणत्या माणसानं केलं नसेल.

त्या आठवड्याचा फोटो मी पाठवला आणि लगेच साहेबांचा फोन आला. जाधव साहेब म्हणून बँकेचे तरणे अधिकारी होते, लातूरकडचे.

"आबा, हे पडवीत काय उभं आहे?"

"शेळी हाय साहेब."

"बँकेच्या ताब्यातल्या घरात शेळी काय करते?"

"गवत काढून राहिली."

मग म्हणाले, "मी उद्या येतो."

ते आले तोवर शेळ्यांनी जागा साफ केली होती. पण भिंतीच्या कडंनं एक लांब ओळ हिरवीगार तशीच उभी. केळीसारखी पानं. मी जवळ जाऊन एक पान चोळलं आणि वास घेतला. हळद. शेळी हळदीला तोंड लावत नाही. एवढ्या गवतात ती कोणाला दिसली नव्हती. त्याच वेळेला मला कळलं की कमलबाई रोज गजांतून काय बघत होती.

साहेबांनी सगळं घर फिरून बघितलं. कुलूप ओढून बघितलं, टाकीचं झाकण बघितलं, गच्चीवर गेले. त्यांना खोड काढायला जागा मिळाली नाही. मग हळदीकडं बोट केलं. "हे पण काढून टाका. जागा मोकळी पाहिजे."

गेटाबाहेर कमलबाई उभी होती. हातात रिकाम्या डब्यांची पिशवी. तिनं ते ऐकलं आणि पहिल्यांदा तोंड उघडलं.

"मामा, नका हो काढू. शीतलची हळद हाय ती."

शीतल मंजी तिची पोरगी. लग्न ठरलेलं होतं, उन्हाळ्यात होणार होतं. साहेब समजावणीच्या सुरात बोलले, "अहो बाई, वसमतमध्ये हळदीला काय तोटा? मोंढ्यात पोत्यांच्या थप्प्या लागतात."

"मोंढ्यातली मोंढ्याची साहेब. आमच्यात नवरीची हळद आई आपल्या अंगणात लावती. माझ्या आईला सोताचं अंगण नव्हतं. भाड्याच्या घरात मालकिणीच्या जागेत लावली, तर मालकिणीनं उपटून उकिरड्यावर टाकली. माझ्या अंगाला दुकानातली पुडी लागली. हे घर झालं तवाच म्या ठरवलं व्हतं, माझ्या पोरीला आपल्या मातीतली लावीन. मिरगाला लावली. तवा कुठं ठाऊक व्हतं."

आता बघा, मी हट्टी माणूस आहे. माझी बायको गेली तरी तिचे भाऊ अजून मला त्याच नावानं ओळखतात. मला साहेबांना दया दाखवा असं म्हणायचं नव्हतं. मला नियमानं जिंकायचं होतं. मी छाती काढून म्हटलं, "साहेब, तुमीच सांगितलं ना, जसं ताब्यात आलं तसं ठिवायचं? ताबा घेतला त्या दिशी हळद जमिनीत होती. मंग ती बी मालमत्ताच. म्या ती मरू देणार न्हाई."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "बरोबर बोललात आबा. मालमत्ताच आहे. मग ती बँकेची झाली. लिलावात घर घेईल त्याला मिळेल."

माझी छाती तिथल्या तिथं बसली. साहेब गाडीवर बसून निघून गेले. कमलबाई गजांना धरून उभी. म्हणाली, "वाचवली बी तुमीच मामा, आन घालवली बी तुमीच." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

आता ती हळद माझ्या गळ्यात पडली. मालमत्ता म्हटलं ना मीच, मग राखली पाहिजे. पाऊस थांबला. टाकी नियमानं रिकामी. मी शेजारच्या हापशावरून बादल्या भरून आणायचो. शेजारचा टेलर मशीनवर बसल्या बसल्या ओरडायचा, "काय आबा, बँकेला पाणी पाजून राहिले का? जरा व्याज बी कमी करा म्हनावं!" मी म्हणायचो, "तू तुझी काजं नीट कर. माझ्या सदऱ्याला बटन एकीकडं आन काजं दुसरीकडं केलंस." मग त्याची मशीन परत चालू व्हायची.

कमलबाई दुपारी थांबायची ती आता बोलायला लागली. "पानी दिलं का?" "दिलं." "बुडाशी द्या, पानावर नका टाकू." एक दिवस म्हणाली, "मामा, मला आत येऊ द्या, म्या माती भरून देते. उघडी पडली तर गड्डा हिरवा पडतो." मी नाही म्हटलं. माझ्याच्यानं नाही म्हणवत नव्हतं, तरी म्हटलं. तिला आत घेतलं असतं आणि कोणी फोटो काढला असता, तर माझं काम गेलं असतं ते जाऊ द्या, पण ती हळद पण पहिल्या दिवशी उपटली गेली असती. मी म्हटलं, "तुमी भायेरून सांगा, म्या करतो." मग ती गेटाबाहेरून सांगायची आणि मी आतून माती ओढायचो. शीतल कधी सोबत असली तर आईवर चिडायची. "आई, चल ना. लोक बघून राहिलेत. हळद काय कुठली बी पिवळीच असती." आई म्हणायची, "तू लगीन करून घे, मंग शिकव."

माणसं मला विचारतात, आबा, दुसऱ्याच्या गेलेल्या घराची राखण करताना वाईट वाटत नाही का? वाटतं. पण मी म्हणतो, घर जायचं ते गेलं. ते मोडून-तोडून गेलं तर किंमत पडते, आणि बँकेचं फिटून वर जे उरतं ते मूळ मालकालाच मिळतं. तेही बुडतं. मी काच फुटू दिली नाही तर ती काच कमलबाईचीच वाचते. हे मला साहेबानं सांगितलं होतं आणि मी ते धरून ठेवलं. माझ्या राखणीतल्या एका पण घराची कडी निघाली नाही. लिहून घ्या म्हटलं तर लिहून देतो.

संक्रांत झाली. हळदीची पानं पिवळी पडली, मग वाळून जमिनीला टेकली. मंजी हळद तयार झाली. गावात जिकडं तिकडं हळद काढणं चाललेलं, शिजवायच्या कढयांचा वास सगळ्या रस्त्यांवर. आणि ह्या अंगणातली हळद जमिनीत पडून, कोणी हात लावणारं नाही. लिलाव जवळ आलेला. घेणारे लोक घर बघायला यायला लागले होते. कमलबाईनं विचारणं सोडून दिलं. नुसती यायची, वाळलेल्या पानांकडं बघायची आणि जायची. मला तिच्यासमोर बसवत नव्हतं. मी उठून उगाच टाकीचं झाकण तपासायला जायचो.

लिलावाआधी शेवटची पाहणी करायला जाधव साहेब आले. नेहमीसारखं कुलूप ओढलं, झाकण बघितलं, गच्ची बघितली. खाली आले आणि वाळल्या पानांजवळ थांबले.

"आबा, हे काय?"

"हळद साहेब. तुमाला तर ठाऊकच हाय."

"मला वाळलेला पाला दिसतो. वाळलेलं ठेवायचं नाही, हा नियम कोणी सांगितला होता तुम्हाला?"

"तुमीच."

"मग? आग लागली तर? आजच्या आज काढा. आणि वरवर नको, मुळासकट."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. ते चष्मा पुसत होते. म्हणाले, "जमिनीत आहे तोवर जमीन. काढताना खालून जे निघेल ते सामान. आणि सामान कोणाचं असतं?"

"मूळ मालकाचं," मी म्हटलं.

"बोलवा त्यांना. गेटावर द्या आणि सही घ्या."

मी म्हटलं, "साहेब, हे तवाच का न्हाई सांगितलं? बाई एवढे महिने झुरली."

"तेव्हा हिरवी होती ना आबा," साहेब म्हणाले आणि गाडीला किक मारली. गेटातून जाताना मागं न बघता ओरडले, "शेळ्या आणू नका!"

हा उपाय मला सुचला नव्हता. मी नियमानं अडकवलं आणि त्या पोरानं नियमानंच सोडवलं. मी कोणाला सहजी मानत नाही, पण त्याला मानतो.

कमलबाईला निरोप धाडला. ती डबे तसेच टाकून आली, हाताला कणीक. शीतल पण आली. मी सदरा काढून ठेवला, कुदळ घेतली. नियम नियम आहे, त्यामुळं त्या दोघी गेटाबाहेर आणि मी आत.

"मामा, तिरपी मारा, तिरपी! गड्डा फुटंल!"

"बाई, म्या कुरुंद्याचा हाय. तुमी जन्मल्या नव्हत्या तवापासून हळद काढून राहिलोय."

"मंग एवढी लांबून काहून मारता? आजून जवळ घ्या."

"आता तुमीच या म्हनंन म्या एखाद्या वेळी!"

"येऊ का?"

"न्हाई!"

शीतल हसून हसून खाली बसली. टेलर मशीन सोडून आला, गल्लीतल्या बाया आल्या. पहिला गड्डा वर आला तेव्हा मी माती झाडली, नखानं खरवडला आणि गजांतून बाईच्या हातात दिला. आत असा रंग, मी आयुष्यभर हळदीच्या मुलखात राहिलो तरी मला वाटलं पहिल्यांदा बघतो आहे. बाईनं तो नाकाशी धरला. मग शीतलच्या नाकाशी धरला. कुठली बी पिवळीच असते म्हणणाऱ्या पोरीनं ओढणीचा पदर पसरला.

सगळी ओळ काढली. बाईनं तिथंच रस्त्यावर फडकं अंथरून हळकुंडं मोडून वेगळी केली. मधले जाड गड्डे, ज्यांना आमी जेठा म्हणतो, ते बाजूला काढले. पुढच्या सालाला बेणं म्हणून तेच लावतात. मला वाटलं, ती भाड्याच्या खोलीपुढं डब्यात-बिब्यात लावील. पण तिनं ते ओंजळीत घेतले आणि गजांतून माझ्यापुढं धरले.

"हे परत लावा मामा."

"आता कशाला? घर चाललं."

"जाऊ द्या. येणारीच्या घरात बी एखादी पोरगी आसंल. तिच्या आईला लावायची याद राहीन न राहीन."

मी तिथं उभा. नियम सांगतो जागा मोकळी पाहिजे. नियम असंही सांगतो की जसं ताब्यात आलं तसं पुढं गेलं पाहिजे. ताब्यात आलं तेव्हा त्या भिंतीकडंनं हळद होती. मी ओंजळ पुढं केली. साहेबाला फोन केला नाही. विचारलं असतं तर त्याला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि भल्या माणसाला दरवेळी अडचणीत टाकू नये. गड्डे होते त्याच जागी पुरले, वरून माती सारखी केली. त्या आठवड्याच्या फोटोत जागा एकदम मोकळी दिसत होती. आतापर्यंतचा माझा सगळ्यात चांगला फोटो. अंगठा कुठंच नव्हता.

लिलाव झाला. घर एका एसटीतल्या मेकॅनिकनं घेतलं. किल्ली द्यायच्या दिवशी मी त्याला सगळं फिरवून दाखवलं, टाकी भरून नळ सोडून दाखवले, दारं उघडून-लावून दाखवली. एक पण दार कुरकुरलं नाही. तो म्हणाला, "आबा, कोनी राहतच होतं जणू हितं." माझ्या आयुष्यात कोणी एवढा मोठा मान दिला नाही. मी सही केली. मला सही तेवढी चांगली येते.

शीतलच्या हळदीला मला बोलावणं होतं. भाड्याच्या खोलीसमोर मांडव होता, एवढासा. कमलबाईनं घरीच हळद शिजवली होती, वाळवली होती, जात्यावर दळली होती. पोरीला लावून झाल्यावर उरलेली तिनं माझ्या गालाला लावली. मी म्हटलं, "आहो, या वयात काय नवरदेव करता का?" टेलर मागून ओरडला, "सदरा तेवढा नवा शिवून घ्या आबा!" तीन-चार दिवस तो रंग गेला नाही. मी पण घासला नाही.

माझं काम सुटून आता बराच काळ झाला. गुडघे चालत नाहीत. पण मागच्या पावसाळ्यात वसमतला मेव्हण्याकडं गेलो, तेव्हा पाय त्या गल्लीत वळले. गेट तेच. आत पडवीत छोटी सायकल पडलेली. आणि भिंतीकडंनं हिरवीगार ओळ, माझ्या मांडीइतकी उंच. कोणीतरी बुडाशी माती भरलेली दिसत होती.

माझा हात सवयीनं कडीवर गेला. वर उचलून लावलेली नव्हती. मी ती उचलून नीट बसवली. आवाज झाला तशी आतून बाई ओरडली, "कोन हाय?"

"कोनी न्हाई," मी म्हटलं. "कडी वर उचलून लावत जा. वाऱ्यानं आपटती."

आणि स्टँडकडं निघालो.